आईची वाक्यं

रविवारची दुपार होती. लुंबिनी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, हातातला चहा गार होऊ देत, नाटकाची संहिता मोठ्यानं वाचत होती. मोठ्यानं म्हणजे स्वतःला ऐकू येईल एवढंच. अधिकाऱ्याचं वाक्य आलं, "बाई, घर कधी मोकळं करणार?" आणि पुढचं वाचायला तिनं पान उलटलं, तेवढ्यात आतल्या खोलीतून उत्तर आलं. "मी हाय तवर ते मोकळं कसं व्हईल, सायेब? अन् मी गेल्यावर बी येऊन पाहा, मोकळं झालं का." आवाज भरदार होता, खालच्या पट्टीतला, शेवटच्या रांगेतल्या माणसाच्याही कानाशी येऊन बोलल्यासारखा. लुंबिनीच्या बोटांत पान अर्धवट उलटलेलं तसंच राहिलं. मेथी निवडत बसलेल्या भीमामावशीच्या मांडीवरून जुडी खाली घसरली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. घरात कुणीतरी परकी बाई शिरली आहे, हेच दोघींच्याही मनात आधी आलं. कारण आतल्या खोलीत फक्त आई होती, आणि आई दोन वर्षांपासून बोलत नव्हती.

आत गेल्या तर आई नेहमीसारखीच खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसलेली. उजवा हात मांडीवर, कुणीतरी तिथं विसरून गेल्यासारखा. नजर समोरच्या कोचिंग क्लासच्या जिन्यावर, जिथं पोरं दप्तरं सांभाळत वर चढत होती. "आई, तू बोललीस?" लुंबिनीनं विचारलं. आईनं मान वळवली, ओठ जुळवले, आणि अर्धांगाच्या झटक्यानंतर तिच्याकडं उरलेला तो एकच शब्द बाहेर आला. "ते... ते..." पाणी हवं असलं तरी ते, उजेड डोळ्यावर येत असला तरी ते. मावशी पलंगाच्या कडेला बसली, बहिणीच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "चांगुणे, आता बोललीस की गं तू. लई साफ बोललीस." आईनं तिच्याकडं पाहिलं, जशी एखादी सभ्य बाई ओळख न पटलेल्या माणसाकडं पाहते. लुंबिनीला काय सुचलं कोण जाणे, ती उंबऱ्याशी परत गेली आणि अधिकाऱ्याचंच वाक्य पुन्हा म्हणाली. आईची मान ताठ झाली. पाठीचा कणा कुणीतरी आतून वर ओढल्यासारखी ती उशीपासून सुटली, आणि तेच उत्तर, त्याच आवाजात, तितक्याच थांब्यांसकट खोलीभर पसरलं. मग ती पुन्हा उशीला टेकली आणि जिन्याकडं पाहू लागली.

चांगुणाबाईंचा आवाज हदगावपासून धर्माबादपर्यंत कुणालाही विचारलं असतं तरी ओळखू आला असता. जयंतीच्या मंडपात गाणारी एक मजुराची पोर नांदेडच्या नाटकवाल्यांच्या हाती लागली, आणि त्यांनी तिला 'दारातली बाई'मधली अनसा दिली. धरणाच्या पाण्याखाली गाव जाणार, सगळे उठून गेले, आणि अनसा आपल्या दारात बसून राहिली आहे. अधिकारी येतो, शेजारीण येते, शहरात दिलेली लेक येते, प्रत्येकाला ती दारातूनच परत पाठवते. शेवटी पाणी येतं. पुढं चांगुणाबाईंनी सिनेमे केले, मालिकांमधल्या आया केल्या, पण लोकांनी त्यांना अनसेतून बाहेर येऊच दिलं नाही. बाजारात बायका त्यांना अनसाबाई म्हणूनच हाक मारत. लुंबिनीचं लहानपण विंगेत, कपड्यांच्या पेटीवर गेलं. तिथून आईची पाठ दिसायची, आणि समोर काळोखात खोकणारी, हुंदके देणारी माणसं. लेक निरोप घेऊन जाते त्या प्रवेशात आई त्या नाटकातल्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून जे बोलायची ते ऐकताना लुंबिनीच्या अंगावर काटा यायचा. तसं आई घरी कधीच बोलली नव्हती. घरी ती आवाज जपायची. गळ्याला फडकं गुंडाळून, खुणेनं मीठ मागायची, खुणेनं रागवायची. आज मागं पाहताना लुंबिनीला वाटायचं, आईचं बोलणं मुळात आपल्या वाट्याला आलंच नव्हतं. झटक्यानं आपलं काय नेलं?

कॉलेजात असताना तिनं एकदा एकांकिकेत काम केलं होतं. बोलता बोलता मध्येच तिला जाणवलं की आपल्या दातांच्या मागं कुणीतरी उभं आहे आणि शब्द तिथून तयार होऊन येताहेत, आपण फक्त तोंड उघडतोय. खाली उतरल्यावर परीक्षक म्हणाले, "चांगुणाबाईंची मुलगी शोभतेस." दुसऱ्या दिवशी तिनं कॉलेजच्या नाटकमंडळातून नाव काढून घेतलं. मग इथं लातुरातच एका कानाच्या डॉक्टरांकडं नोकरी धरली. माणसाला बंद पेटीसारख्या खोलीत बसवायचं, कानाला यंत्र लावायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि काचेतून त्याचा चेहरा पाहत राहायचं. कामात ती चांगली होती. पण ती बंद खोली रिकामी असली की कधी कधी ती आत जाऊन बसायची आणि काहीतरी, कुठलंही, एखादं वाक्य म्हणून पाहायची. भिंती आवाज गिळून टाकायच्या. तिथं मात्र दातांमागं कुणी उभं राहत नसे.

त्या रविवारच्या काही दिवस आधी धम्मानंदकाकांचा फोन आला तो याच खोलीत. आईच्या वेळी ते अधिकाऱ्याचं काम करायचे, अगदी तरुण होते. आता नांदेडला स्वतःची मंडळी घेऊन नाटकं बसवत. ते जयभीम म्हणाले, तीही जयभीम म्हणाली, "बोला, काका," आणि पलीकडं एकदम काहीच नाही. "काका?" तिनं विचारलं. "परत बोल," ते म्हणाले. "काय बोलू?" "काहीही बोल गं." मग त्यांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, दारातली बाई पुन्हा करतोय, अनसा तू कर. ती नाही म्हणाली, फोन ठेवला, आणि त्या बंद खोलीत बसून राहिली. बाहेर पेशंट ताटकळले होते. आपण नाही म्हणालो या गोष्टीनं तिच्या पोटात भूक लागल्यासारखं काहीतरी ओढत होतं, आणि ती भूक आजची नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच फोन करून होकार दिला. आईला मात्र तिनं सांगितलं नाही. जिच्याजवळ नकार द्यायला शब्द नाही तिची परवानगी कशी मागायची?

आणि आता आईच बोलत होती. पहिले काही दिवस घरात सणासारखे गेले. लुंबिनी दवाखान्यातून आली की पलंगाजवळ बसायची आणि एकेका माणसाचं वाक्य टाकायची. आई कुठंही न अडखळता उत्तर द्यायची. मावशीला वाचता येत नव्हतं, पण तिनं शेजारणीचं वाक्य ऐकून ऐकून धरलं होतं. जेवणाच्या वेळी ताट पुढं करून ती म्हणायची, "अनसे, दोन घास खाऊन घे गं बाई," आणि आई म्हणायची, "वाढ. भुकेशी माझं भांडण न्हाई." आणि खरंच तोंड उघडायची. मावशी हसून हसून डोळे पुसायची. शेजारच्या बायका ऐकायला येऊ लागल्या. पण लुंबिनीला त्या बोलण्यात एक गोष्ट दिसत होती. आई तिच्याकडं पाहून बोलत नव्हती. नजर तिच्या कपाळाच्या जरा वर, जिथं नाटकात समोरचं पात्र उभं असायचं तिथं लागलेली असायची. एकदा तिनं लेकीचं वाक्य घेतलं, पण लेकीसारखं नाही, आपल्यासारखं म्हटलं. "आई, माझ्यासंगं चल ना." आई त्या कपाळावरच्या जागेला म्हणाली, "तुज्यासंगं येऊ? अन् मग इथं मी म्हणून कोण बसंल?" लुंबिनी उठून मोरीत गेली आणि विनाकारण हात धूत राहिली.

तालमी नांदेडला शनिवार-रविवारी. लातूरहून सकाळची एस.टी. धरायची, खिडकीपाशी बसायचं, काळ्या रानांकडं बघत पुटपुटत जायचं. पहिल्या खेपेला तिनं अधिकाऱ्याचा प्रवेश पाठ केला. तालमीच्या हॉलमध्ये धम्मानंदकाकांनी विचारलं, "बाई, घर कधी मोकळं करणार?" तिनं तोंड उघडलं, आणि ते उत्तर इतकं सहज, इतकं खालून आलं की तिला स्वतःलाच जरा मागं सरकावंसं वाटलं. दातांमागचं ते माणूस होतं तिथंच, इतकी वर्षं न हलता. काका खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पुढचं घ्या." घरी आल्यावर तिनं मोठ्या आनंदानं आईला तेच वाक्य टाकलं. आईची मान ताठ झाली. ओठ उघडले. आतून काहीच आलं नाही. तिनं पुन्हा उघडले, मासा उघडतो तसे, आणि डोळ्यांत असा गोंधळ उतरला की लुंबिनीनं घाईघाईनं दुसरं वाक्य टाकलं. ते आलं. तिनं मनात म्हटलं, थकली असेल.

पुढच्या आठवड्यात तिनं शेजारणीचा प्रवेश केला. सोमवारी मावशीनं ताट पुढं केलं, "अनसे, दोन घास खाऊन घे गं बाई." आई गप्प. मावशीनं तीनदा म्हटलं. आईनं तोंड मिटून भिंतीकडं वळवलं आणि त्या दिवशी ती जेवलीच नाही. मावशी ताट घेऊन स्वयंपाकघरात आली, ओट्यावर ठेवलं, आणि लुंबिनीकडं न पाहता म्हणाली, "तू तिचं घेऊन राहिलीस, लुंबे."

"मी काय घेतलं? पाठ करतेय फक्त."

"मला काय मालूम नाटकातलं. ती बोलत हुती, अन् आता न्हाई बोलत. एवढं दिसतंय मला."

"डॉक्टर म्हणाले ना मावशी, पाठ झालेलं सगळ्यात शेवटी जातं, पण जातंच. गाणी, पाढे, शिव्या, सगळं. ह्याचा त्याचा काही संबंध नाही."

"नसंल." मावशी ताटावर झाकण ठेवत म्हणाली. मग ओटा पुसत, "अन् असला, तर तुला सोडवंल का?"

 लुंबिनीला खात्री करून घ्यायची होती. दोन आठवडे तिनं काहीच पाठ केलं नाही. तालमीत संहिता हातात धरून उभी राहिली. आणि ते दोन आठवडे आईजवळची उरलेली वाक्यं जागच्या जागी होती, लेकीचा प्रवेश आणि शेवटचं भाषण, एकही शब्द ढळला नाही. मग तिनं लेकीचा प्रवेश पाठ केला. जाणूनबुजून केला, मुद्दाम एका सकाळी, आरशासमोर उभं राहून, आणि पाठ होत होता तेव्हा तिला आनंद होत होता. हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही. केस विंचरता विंचरता तो हात, ते डोक्यावरून फिरवणं, ती सगळी माया तिच्या तोंडात येऊन बसली, जी विंगेतल्या पेटीवरून तिनं नुसती पाहिली होती. संध्याकाळी आईला वाक्य टाकलं तर आईनं लेकीच्या नसलेल्या डोक्यावरून डावा हात फिरवला, हवेत, आणि हात तसाच राहिला. शब्द गेले होते.

आता फक्त शेवटचं भाषण राहिलं होतं. पाणी उंबऱ्यापर्यंत येतं आणि अनसा पाण्याशी बोलते, एवढंच. नांदेडला फलक लागले होते, त्यावर पदर घेतलेला तिचा चेहरा, काकांनी फोटो पाठवला तेव्हा मावशी मोबाईल लांब धरून म्हणाली, "हा चांगुणेचा कवाचा?" प्रयोग जवळ आला, तरी लुंबिनी भाषण वाचूनच म्हणत होती. काका चिडले. "शेवट नसंल तर नाटक कशाला करायचं? बाई दारात बसून राहिली अन् पडदा पाडू का मी?" ती म्हणाली, करीन. बसमध्ये ते पान उघडायची, आणि डोळे ओळींवरून असे न्यायची की काही आत शिरू नये. तरी कुठंतरी तिला ठाऊक होतं की ते आतच आहे, लहानपणापासून आहे, फक्त मोठ्यानं म्हटलं की झालं.

प्रयोगाच्या आदल्या सकाळी मावशी भाजी आणायला गेली होती. लुंबिनी आईचे केस विंचरायला बसली. आणि आपण बोलणार आहोत हे ध्यानात यायच्या आधीच म्हणाली, "आई, उद्या नांदेडला अनसा करतेय मी. शेवटचं तेवढं राहिलंय. घेऊ का?" आईनं ऐकलं की नाही कळलं नाही. "ते," ती म्हणाली. मग तिनं डावा हात उचलला आणि तळवा लुंबिनीच्या तोंडावर ठेवला. तळवा गार होता आणि जड होता. लुंबिनीला वाटलं, गप्प बस म्हणते आहे. ती गप्प बसली. पण हात निघाला नाही. बोटं ओठांच्या कडेवरून हळूहळू सरकत होती, आंधळं माणूस चेहरा चाचपतं तशी, आणि ओठांवर येऊन थांबली. आईचे डोळे पहिल्यांदा तिच्या कपाळाच्या वर नव्हते. ते तिच्या तोंडाकडं होते. लुंबिनी त्या तळव्यात बोलू लागली. "आलंस व्हय? येशीलच मला ठावं हुतं. सगळ्यांनी सांगितलं, तू कुनाचं ऐकत न्हाईस..." शब्द आईच्या कातड्याला लागून गरम होऊन परत येत होते, आणि प्रत्येक शब्दामागं आईचे ओठ हलत होते, आधी बरोबरीनं, मग किंचित मागून, मग हलायचे थांबले. भाषण संपलं तेव्हा हात आपोआप खाली पडला. पिशवी घेऊन मावशी दारात उभी होती.  तिनं आत येऊन पंखा लावला.

नांदेडचा प्रयोग भरला होता. हदगाव, भोकरकडून गाड्या करून माणसं आली होती, बहुतेक म्हातारी. पहिल्या वाक्याला टाळ्या पडल्या, आणि मग कुणी हललं नाही. लुंबिनीला नंतर प्रयोगातलं फारसं आठवलं नाही. आठवलं ते शेवटचं. ती दारात बसली होती, निळा उजेड पायापर्यंत आला होता, भाषण संपत आलं होतं. शेवटच्या वाक्याआधी तिला थांबायचं नव्हतं, तालमीत ती कधी थांबली नव्हती. पण तोंड आपोआप मिटलं.  आणि त्या शांततेत पुढच्या रांगांमधले ओठ हलताना तिला दिसले, म्हाताऱ्यांचे, बायकांचे, काळोखात नुसते ओठ. ते वाक्य तिच्या आधीच तिथं म्हटलं जात होतं, आवाजाशिवाय. मग तिनं म्हटलं, "ये. पाय धुऊन ये आत."

रंगपटात गर्दी झाली. काकांनी तिचे दोन्ही हात धरले. एक म्हातारी नातवाला बाजूला सारून पुढं आली आणि वाकायच्या आधीच रडायला लागली. "चांगुणाबाई, लोक म्हणत हुते तुमची वाचा गेली. बऱ्या झाल्या का वो?" लुंबिनीनं सांगायला तोंड उघडलं, की मी त्यांची मुलगी. "हाव," तिच्या तोंडून बाहेर आलं, खालच्या पट्टीत. "बरी हाय आता." म्हातारी समाधानानं गेली. लुंबिनी आरशाकडं पाठ करून बसली आणि तोंड पुसायला घेतलेला कापूस कितीतरी वेळ तिनं नुसता हातात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती दुपारी लातूरला पोचली. मावशीनं दार उघडलं, कसं झालं विचारलं नाही, पाणी दिलं. आई खिडकीजवळ बसलेली. लुंबिनी पिशवी खाली ठेवून पलंगासमोर जमिनीवरच बसली आणि एकेक वाक्य टाकत गेली, अधिकाऱ्याचं, शेजारणीचं, लेकीचं. आईची मान ताठ झाली नाही. ओठसुद्धा उघडले नाहीत. चेहऱ्यावर गोंधळ नव्हता, दुःख नव्हतं. नाटकाचं तिकीट काढून आलेल्या बाईसारखी ती उशीला टेकून निवांत लुंबिनीकडं पाहत होती. ते लुंबिनीला सोसवेना. मग तिनं सगळं भाषण म्हटलं, जमिनीवर बसल्या बसल्या, आईला सगळं परत करायचं असल्यासारखं, पहिल्या शब्दापासून, आणि शेवटचं वाक्य म्हणून थांबली. मावशी दारात येऊन उभी राहिली होती. बाहेर क्लास सुटला, जिन्यावर पावलं वाजली.

आई जरा पुढं झुकली. "पुढं?" ती म्हणाली.

आवाज बारीक होता, चिरकलेला, गंजल्या कडीसारखा. तो अनसेचा नव्हता; चांगुणाबाईंचा म्हणून जो आवाज सगळ्या मराठवाड्याला माहीत होता तोही नव्हता. मावशीनं दाराची चौकट धरली. लुंबिनीला वाटलं आपल्याला भास झाला. पण आईनं भुवया उंचावून, थोडं अधीर होऊन, पुन्हा विचारलं, "पुढं?"

पुढं काही नव्हतं. त्या वाक्यानंतर अंधार व्हायचा, लोक उठायचे. लुंबिनीनं दातांमागं शोधलं. तिथं कुणी नव्हतं, एक शब्दसुद्धा ठेवलेला नव्हता. "पुढं..." ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला ओळखू येईना, इतका तो पातळ आणि नाकातला होता. "पुढं मग सकाळची गाडी धरली. चाकूरच्या अलीकडं टायर बसलं. सगळे खाली उतरलो. ऊन लई होतं. एक बाई होती, तिच्याजवळ पेरूची पाटी, ती म्हणाली..." बाई काही म्हणालीच नव्हती. आई तिच्या तोंडाकडं पाहत होती, वाट बघत होती. "ती म्हणाली, बस माझ्यापाशी," लुंबिनीनं सांगितलं आणि पुढं सांगत राहिली.